पत्त्यांवर चालणारी गाडी : खेळाडूंचे शेरे कसे वाचावेत

डेक-बिल्डिंग प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये पत्त्यांचा कॅट आयता मिळत नाही, तो खेळता खेळता बांधावा लागतो. घरच्या पत्त्यांत ५२ पाने ठरलेली असतात, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२०. तिथे कोणाच्या वाट्याला काय आले एवढाच प्रश्न. डेक-बिल्डिंगमध्ये सुरुवातीला दहाएक साधी पाने मिळतात आणि पुढे कोणते पान घ्यायचे, कोणते नाकारायचे, कोणते कायमचे काढून टाकायचे हे खेळाडू ठरवतो. या बांधणीला महाविनाशानंतरच्या ओसाड रस्त्यांवरची गाड्यांची मारामारी जोडली की जो संकर तयार होतो, त्याचे ठळक उदाहरण म्हणजे पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरातल्या ‘द नाइट्स ऑफ युनिटी’ या कंपनीचा ‘डेथ रोड्स : टूर्नामेंट’. चालक निवडायचा, गाडी निवडायची, गाडीला शस्त्रे आणि सुटे भाग जोडायचे आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या पानांनी पाळीपाळीने लढायचे, असा हा खेळ.

अशा संकरित खेळांवर खेळाडूंची मते टोकाची येतात. त्याचे कारण खेळाच्या वंशावळीत आहे. गाड्यांच्या मारामारीचे घराणे जुने. जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स’ १९७९मध्ये आला. स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा ‘कार वॉर्स’ हा टेबलावरचा खेळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यावरून १९८५मध्ये ‘ऑटोड्युएल’ हा संगणकावरचा खेळ झाला आणि १९९५च्या ‘ट्विस्टेड मेटल’ने हा प्रकार प्लेस्टेशनवर घरोघरी नेला. पत्त्यांचे घराणे त्या मानाने कोवळे. डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा ‘डॉमिनियन’ २००८चा; पुढच्याच वर्षी त्याला जर्मनीचा ‘श्पील डेस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. मेगा क्रिट या कंपनीच्या ‘स्ले द स्पायर’ने तीच कल्पना संगणकावर रुजवली. ‘डॉमिनियन’मध्ये सुरुवातीचा कॅट १० पानांचा आणि हातात ५ पाने, ‘स्ले द स्पायर’मधल्या पहिल्या पात्राचेही नेमके तसेच. नंतर आलेल्या बहुतेक खेळांनी हे माप थोड्याफार फरकाने उचलले.

या दोन घराण्यांतून आलेले खेळाडू एकाच खेळाकडे वेगवेगळ्या अपेक्षेने येतात. एकाला सुकाणू हातात हवे असते, इंजिनाचा आवाज कानात घुमायला हवा असतो. दुसऱ्याला आकडे स्वच्छ दिसायला हवे असतात आणि विचाराला हवा तेवढा वेळ. गाडीप्रेमी ‘खेळ संथ आहे’ म्हणून अंगठा खाली करतो, तर पत्तेप्रेमी त्याच संथपणासाठी तो वर करतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. म्हणून शेरा वाचताना पहिला प्रश्न हा असावा, की लिहिणारा कोणत्या घरातून आला आहे. बहुतेक शेऱ्यांत याचा सुगावा असतो, कारण खेळाडू तुलना केल्याशिवाय राहत नाही आणि तुलनेसाठी तो जो खेळ काढतो तेच त्याचे घर. जुळे सोलापुरातल्या ज्या मुलाची सगळी हौस आजवर क्रिकेट आणि रेसिंगच्या खेळांवर भागली आहे, त्याने ‘स्ले द स्पायर’शी केलेल्या तुलना सोडून द्याव्यात आणि गाडीप्रेमींच्या तक्रारी आधी वाचाव्यात.

आता टक्केवारीबद्दल. संगणकावरचे असे खेळ बहुतांशी स्टीम या दुकानातून विकले जातात. तिथे खेळाडू गुण देत नाही; शिफारस करतो किंवा करत नाही, एवढेच. त्यामुळे ७५ टक्के अनुकूल याचा अर्थ खेळाला शंभरपैकी ७५ गुण मिळाले असा होत नाही. चारांपैकी तिघांना तो इतरांना सुचवण्याजोगा वाटला, इतकाच त्याचा अर्थ. तिघांनाही खेळ जेमतेम आवडला असेल तरी आकडा हाच येईल. दहावीच्या गुणपत्रिकेची सवय असलेल्या घरात हा घोटाळा हमखास होतो. स्टीमच्या पाट्यांनुसार ७० ते ७९ टक्के ‘बहुतांशी अनुकूल’, तर ४० ते ६९ ‘संमिश्र’. संमिश्र म्हणजे वाईट, असा समज करून घेणाऱ्यांच्या हातून चांगले विक्षिप्त खेळ निसटतात. संकरित खेळाच्या वाट्याला ही पाटी सहज येते, कारण त्याच्या दाराशी दोन वेगवेगळी गिऱ्हाइके उभी असतात.

शेऱ्यांची संख्याही बघावी. ४० जणांपैकी ८० टक्क्यांनी शिफारस केली असेल, तर ते ४० जण निव्वळ योगायोगाने निवडले गेले असे धरले तरी सगळ्या खेळाडूंचे खरे मत साधारण ६८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ४,००० शेरे असतील तर हीच अनिश्चितता दोन्ही बाजूंना टक्का-सव्वा टक्क्यावर येते. शिवाय शेरा लिहिणारे योगायोगाने निवडलेले नसतातच. फार आवडलेले किंवा फार चिडलेलेच लिहायला बसतात. लहान कंपन्यांच्या खेळांवर शेरे मोजकेच असतात. तिथे टक्केवारी बाजूला ठेवून शेरे स्वतः वाचावेत.

यात सर्वाधिक वेळ द्यावा तो नशिबाबद्दलच्या तक्रारींना. ‘सगळा नशिबाचा खेळ आहे’, ‘हवे ते पान येतच नाही’ अशी वाक्ये कोणत्याही डेक-बिल्डिंग खेळावर सापडतातच. मराठी माणसाला नशीब आणि कौशल्य यांचे प्रमाण पत्त्यांतून चांगले ठाऊक असते. भिकार-सावकारमध्ये ठरवण्यासारखे काहीच नसते. पान उलटायचे आणि काय होते ते बघायचे. मेंढीकोटमध्ये वाटप नशिबाचे, पण उतारी आणि हुकमाचा हिशेब डोक्याचा. डेक-बिल्डिंग त्याच्याही पलीकडे जाते, कारण तिथे कॅट पिसायच्या आधीच डाव अर्धा लागलेला असतो.

हिशेब साधा आहे. १० पानांच्या कॅटमध्ये एकच क्षेपणास्त्राचे पान असेल आणि दर पाळीला ५ पाने येत असतील, तर ते पहिल्याच पाळीत येण्याची शक्यता ५० टक्के. नाही आले तर दुसऱ्या पाळीत नक्की, कारण टाकलेली पाने कॅट संपेपर्यंत परत पिसली जात नाहीत. कॅट २५ पानांचा झाला की पहिल्या पाळीतली शक्यता २० टक्क्यांवर येते आणि दैव रुसले तर ते पान थेट पाचव्या पाळीत दिसते. एवढ्या वेळात समोरच्या गाडीने आपल्या गाडीचा पत्रा सोलून काढलेला असतो. तेच पान दोनदा घेतले तरी २५ पानांत पहिल्या पाळीला त्यांतले एखादे येण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के होते. म्हणजे एका प्रतीच्या लहान कॅटपुढे दोन प्रतींचा फुगलेला कॅट मागेच राहतो.

गाड्यांच्या खेळात ही चूक अधिक लोभस होते. नुसत्या पत्त्यांच्या खेळात नको ते पान नाकारणे सोपे असते. गाडीला मात्र टपावर बंदूक, पुढे लोखंडी बंपर, बाजूला काटे असे जोडत जाणे म्हणजे गाडी मजबूत होत चालल्याची भावना. दिसायला ती तशी होतेही. पण प्रत्येक भाग आपली पाने घेऊन येतो, आणि त्या पानांमुळे आधीच्या चांगल्या पानांमधले अंतर वाढते. गाडी जड झाली की वळायला अडते, तसा कॅटही जड होतो. ‘नशिबाचा खेळ’ ही तक्रार दोन-तीन तास खेळलेल्याकडून आली असेल, तर त्याने हाती लागेल तो भाग गाडीला ठोकला असण्याची शक्यता मोठी. तीच तक्रार ६० तास खेळलेल्याने केली, कोणत्या टप्प्यावर कोणत्या शत्रूपुढे लहान कॅटही निरुपयोगी ठरतो हे सांगितले, तर मात्र कान टवकारावेत. तिथे खेळाच्या रचनेतच दोष असू शकतो.

हे तास शोधावे लागत नाहीत. स्टीमवर प्रत्येक शेऱ्याशेजारी तो लिहिताना किती तास झाले होते आणि आजवर एकूण किती झाले, असे दोन आकडे दिसतात. दोहोंतला फरक बोलका असतो. ‘भिकार खेळ’ असे ८ तासांनंतर लिहून पुढे आणखी ९० तास खेळलेला माणूस रागावलेला भक्त असतो. उलट, ‘अप्रतिम’ असे दीड तासाने लिहून नंतर खेळ पुन्हा न उघडणारेही असतात.

दुसरी मोठी तक्रार गाडी गाडीसारखी वाटत नसल्याची. चांगल्या वाहनयुद्धाच्या खेळात पानांचे आकडे निम्मेच काम करतात. उरलेले काम जागा करते. कोण पुढे, कोण मागे, कोणाचा वेग किती, कोणत्या बाजूची बंदूक कोणावर रोखता येते. गळीत हंगामात सोलापूरच्या विजापूर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्या कोणालाही हे शिकवावे लागत नाही. ओलांडायची जागा कुठे, समोरून काय येते आहे, आत्ता वेग वाढवला तर पुढे ब्रेक लागेल का, हे सारे त्याच्या डोक्यात चालूच असते. खेळात हा विचार करावा लागत असेल तर पत्त्यांवर गाडी खरोखर चढली आहे. लागत नसेल तर गाड्या म्हणजे नुसती चित्रे. त्यांच्या जागी तलवारी ठेवल्या तरी खेळ तोच राहील. हे ओळखण्याची खूण शेऱ्यांतच मिळते. खेळाडू ‘मागून धडक दिली’, ‘कडेला दाबला’, ‘वेग कमी ठेवून त्याला पुढे जाऊ दिले’ असे सांगत असतील तर जागेला मोल आहे. ते फक्त ‘१२ नुकसान, ८ बचाव’ अशा भाषेत बोलत असतील तर नाही. वाटल्यास एखाद्या खेळाडूच्या चित्रफितीतली मधली वीस मिनिटे आवाज बंद करून पाहावीत. सुरुवातीची पाहू नयेत, तिथे शिकवणीच चाललेली असते.

शेऱ्याची तारीखही महत्त्वाची. बरेच लहान खेळ ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये, म्हणजे अर्धे शिजलेले असतानाच विकायला येतात. ‘स्ले द स्पायर’ स्वतः नोव्हेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ असा चौदा महिने या अवस्थेत होता आणि त्या काळात खेळाडूंच्या डावांची माहिती गोळा करून त्याच्या निर्मात्यांनी पानांची ताकद कमी-जास्त केली. त्यामुळे ‘अमुक पान घेतले की जिंकलोच’ असा जुना शेरा आज खरा असेलच असे नाही. स्टीम अशा काळातले शेरे वेगळ्या पाटीने दाखवते आणि अलीकडच्या तीस दिवसांतल्या शेऱ्यांचा आकडा एकूण आकड्यापासून वेगळा देते. अलीकडचा आकडा एकदम घसरलेला दिसला तर कारण शोधावे. ते नव्या आवृत्तीत बिघडलेले काही असू शकते, नाहीतर किंमत, भाषा किंवा कंपनीच्या एखाद्या निर्णयावरचा राग. २०१९पासून स्टीम विषयाबाहेरच्या शेऱ्यांच्या लाटा मोजणीतून वगळते, तरी आकड्यावर विसंबून न राहता शेरे स्वतः वाचून ठरवावे.

शेरे वाचताना काही इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. ‘रन’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा किंवा मरेपर्यंतचा एक डाव. ‘रोगलाइक’ म्हणजे १९८०च्या ‘रोग’ या खेळाच्या वळणाचा, ज्यात हरले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ‘आरएनजी’ म्हणजे यंत्राने काढलेली चिठ्ठी. नशीब म्हटले तरी चालेल. ‘बिल्ड’ म्हणजे एका कल्पनेभोवती जमवलेला कॅट, जसे फक्त धडक मारणारी गाडी. ‘ग्राइंड’ म्हणजे तेच ते करून घाम गाळणे. ‘क्लंकी’ हा शब्द सगळ्यांत सैल. कोणी तो अक्षरे बारीक असल्याबद्दल वापरतो, कोणी तीनदा क्लिक करावे लागते म्हणून. त्या शब्दावर थांबू नये, पुढचे वाक्य वाचावे.

यंत्राबद्दलच्या तक्रारींचे मोल घराप्रमाणे बदलते. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळात चित्र थोडे अडखळले तरी डाव हरत नाही, म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही असे बरेच खेळ चालून जातात. तरी दुकानाच्या पानावरची किमान गरज बघावी, आणि किमान व शिफारस केलेली यांत गल्लत करू नये. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. ‘माझ्याकडे छान चालतो’ असे लिहिणारा वातानुकूलित खोलीत बसलेला असू शकतो. चित्रांची गुणवत्ता एक पायरी खाली आणून खेळता येते का, याचा उल्लेख शेऱ्यांत शोधावा. त्याहून मोलाचा प्रश्न डाव साठवण्याचा. रोगलाइकचा एक डाव तास-दीड तास चालतो. लढतीच्या मध्येच वीज गेली तर खेळ कुठून पुढे सुरू होतो? काही खेळ लढतीच्या सुरुवातीला परत नेतात, काही टप्प्याच्या सुरुवातीला. इन्व्हर्टर नसलेल्या घरातल्या डेस्कटॉपसाठी ‘सेव्ह’ या शब्दाने शेरे शोधण्यात घालवलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

घरातल्या मोठ्यांचा एक आक्षेप शेऱ्यांत कधीच नसतो. पत्ते म्हटले की जुगार, असा सरळ हिशेब अनेक घरांत आहे, आणि फोनवरच्या रमीच्या जाहिरातींनी तो पक्का केला. येथे फरक स्पष्ट करून द्यावा. डेक-बिल्डिंगमध्ये पैज लागत नाही, पैसे जिंकले जात नाहीत, पाने यंत्रातच राहतात; खेळाची किंमत एकदा भरली की झाले. २०२५च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. मात्र खेळाच्या आत आणखी काही विकत घ्यावे लागते का, हे दुकानाच्या पानावर आणि शेऱ्यांत जरूर पाहावे. तसे असेल तर ते किती आणि कशासाठी, हे घरात आधीच ठरलेले बरे.

विकत घेण्याआधी डेमो उपलब्ध असेल तर तो खेळावा. शेकडो शेऱ्यांपेक्षा त्याची साक्ष मोठी. डेमो नसेल तर परताव्याचा नियम कामाला येतो. खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल, तर स्टीम पैसे परत करते. हे दोन तास नियोजनाने वापरावेत. मेनू उघडा ठेवून जेवायला बसले तरी घड्याळ चालूच राहते. पहिली दहा मिनिटे अक्षरांचा आकार आणि चित्रांच्या गुणवत्तेत जातील. नंतर शिकवणी पूर्ण करून एक डाव मिळेल ते जोडत खेळावा, दुसरा मुद्दाम कंजूषपणे, कमीत कमी पानांत. दोन डावांत काहीच फरक जाणवला नाही, तर खेळ उथळ असल्याच्या तक्रारीत तथ्य आहे. दुसऱ्या डावात हातात येणारी पाने ओळखीची वाटू लागली, पुढच्या पाळीला काय येणार याचा अंदाज बांधता आला, तर खेळ ठेवावा. दीड तासाच्या सुमाराला निर्णय घ्यावा. दोन तासांच्या काठावर ताणू नये. किंमत जास्त वाटत असेल तर जूनअखेरच्या आणि डिसेंबरातल्या सवलतींची वाट पाहावी. दर रुपयांत असतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात.

खेळून झाल्यावर स्वतःचा शेरा लिहिणे हाही या व्यवहाराचाच भाग. तो लांब असण्याची गरज नाही. आधी कोणते खेळ खेळले, यंत्र कोणते, किती तास झाले आणि एक नेमका प्रसंग, एवढे आले की पुरे. ‘मजा आली’ यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘साध्या लॅपटॉपवर कमी गुणवत्तेत सुरळीत चालला, १४ पानांच्या कॅटने तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचलो, २२ पानांच्या कॅटने पहिल्यातच हरलो, लढतीच्या मध्ये वीज गेली तेव्हा ती लढत पुन्हा करावी लागली’ यातून मात्र विजापूर रस्त्यावरच्याच काय, व्रोत्सवाफच्या माणसालाही खेळ कळतो. शेरा मराठीतही लिहिता येतो. खेळाची नवी आवृत्ती आली आणि आधी लिहिलेली तक्रार दूर झाली, तर जुना शेरा पुसण्याऐवजी त्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी. त्यातून वाचणाऱ्याला खेळाबरोबर तो बनवणाऱ्यांचाही अंदाज येतो.